चढावर मान टाकणारी गाडी

"आता दुसरी काढ," काका म्हणाले. "आणि फडकं कोरडं आहे ना, ते बघ. झटका बसला तर मला बोल लावू नकोस."

काकूंनी फडकं हाताभोवती गुंडाळलं, श्वास रोखला आणि चालू इंजिनातल्या दुसऱ्या प्लगची वायर खेचली. इंजिन लगेच लंगडायला लागलं. काका बॉनेटशेजारी मान तिरकी करून, डोळे मिटून उभे होते. मिटले काय नि उघडे ठेवले काय, आता फारसा फरक पडत नव्हता.

"पडला आवाज. म्हणजे हा कामावर आहे. लाव परत. आता तिसरी."

काकांची ही जुनी युक्ती. चार भावांच्या घरात कामचुकार कोण हे शोधायचं असेल तर एकेकाला रजा देऊन बघायची. ज्याच्या रजेनं घराचं काही अडत नाही, तो आयतोबा. चार सिलिंडरच्या इंजिनाचंही तेच. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर राबतोय, आणि आवाज होता तसाच राहिला तर मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकण्याचा दोष, तिथंच आहे.

तिसरी काढली, आवाज पडला. चौथी काढली, तरी पडला. काकूंनी शेवटची वायर जागच्या जागी दाबून बसवली आणि फडक्याला हात पुसले.

"चौघेही इमानदार," काका म्हणाले. "मग चढावर गेल्यावर यांना काय धाड भरते?"

काकूंना याचं उत्तर ठाऊक होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. पण ते त्यांनी तोंडातून काढलं नाही. बॉनेट खाली घेतलं आणि उद्याचे कपडे इस्त्री करायला आत गेल्या.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा दिवस होता.

काकांनी चाळीसेक वर्षं एका कारखानदाराची गाडी चालवली. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काकांना देऊन टाकली, आणि घरी आलेल्या लेकीसारखी काकांनी ती जपली. पुढे डोळ्यांनी दगा दिला. आधी उजवा गेला, मग डावा कुरकुरायला लागला. काकूंचा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. गल्लीत त्यांना शिवणकाकू म्हणत आणि काकांना ड्रायव्हरकाका. पन्नाशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरत असताना, त्या गाडी शिकल्या. शिकवणारे अर्थात काका, मोकळ्या मैदानात, शेजारच्या सीटवर बसून. "मशीनचं पायडल चाळीस वर्षं मारलंस, त्याच्यापेक्षा हे सोपं आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते धादांत खोटं होतं. अजूनही लांब जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून काकू मनातल्या मनात गिअर टाकून बघायच्या.

डाव्या डोळ्यात थोडं काही शिल्लक होतं. दार कुठे आहे, समोर कोण उभं आहे, कपड्यांचा रंग गडद की फिका, इतपत. ते टिकवायला महिन्यातून एकदा डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. इंजेक्शन देणारे डॉक्टर घाटापलीकडच्या हॉस्पिटलात महिन्यातून एकच दिवस येत आणि दुपार झाली की निघून जात. पलीकडे जाणारी बस नेमकी दुपारचीच होती.

मागच्या महिन्यात गाडीनं घाटात दोनदा मान टाकली. दोन्ही वेळा ती गार होईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहावं लागलं. धापा टाकत हॉस्पिटलात पोहोचले, तर शिपाई बाकडी पुसत होता. "डॉक्टर आत्ताच गेले की," तो म्हणाला, आणि काकांनी "असू दे, पुढच्या महिन्यात येऊ" असं इतक्या सहज म्हटलं की काकूंनी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.  चहाचा कप उचलताना काका हल्ली आधी टेबलावर हात फिरवत. महिन्यापूर्वी फिरवत नसत.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला.

"आई, भाड्याची गाडी कर. त्या डबड्याचा नाद सोड आता."

"मी दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन बसणार नाही," काका लांबूनच म्हणाले. त्यांचे कान शाबूत होते.

"मग आईच्या हातात देता ते?"

"ती काय दुसरी आहे?"

मुलानं फोन ठेवला.  भाड्याची गाडी करावी असं काकूंच्या मनात चार दिवस घोळत होतं. पण या एका वाक्यानंतर ते म्हणायला जीभ रेटेना.

आणि आत एक गोष्ट डाचत होती. कोपऱ्यावरच्या फिटरनं गाडीचं काय म्हणून करायचं ठेवलं नव्हतं. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल नवी टाकली, कार्ब्युरेटर खोलून धुतला, फिल्टर बदलला. मग स्वतः गाडी घेऊन घाट चढून आला. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला, म्हणून आधी टाकीत पट्टी बुडवून टाकी अर्धी तरी आहे ना ते पाहिलं आणि गेला. गाडी कुठे थांबली नाही की अडखळली नाही. आठवड्यानं परत एकदा गेला. पुन्हा तेच. मग त्यानं काकांना बाजूला घेतलं. काकू कापड आणायला निघाल्या होत्या, त्या फाटकापाशीच थबकल्या.

"काका, राग मानू नका," फिटर म्हणत होता. "गाडी टकाटक आहे. काकूंचा पाय क्लचवर राहतो. चढावर अर्धा क्लच दाबून चालवलं तर कोणती गाडी ओढेल?"

काका त्यावर "हं" एवढंच म्हणाले. ते "हं" काकू तेव्हापासून उराशी घेऊन फिरत होत्या. म्हणजे गाडीत काही नाही, खोट आपल्या पायात आहे. मागच्या महिन्यातलं इंजेक्शन आपल्या पायानं चुकवलं. शिवताना, भांडी घासताना, कधीही त्यांना आपल्या डाव्या पायाची चीड यायची.

सकाळी लवकर निघाले. टाकी आदल्या दिवशीच काठोकाठ भरून आणली होती. काकूंनी फाइल घेतली, औषधं घेतली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. काका शेजारी ताठ बसून इंजिन ऐकत होते आणि काकू आपला डावा पाय क्लचपासून इतका लांब ठेवून बसल्या होत्या की पोटरीत पेटका यायची वेळ आली.

घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

"तिसऱ्या गिअरवर कण्हतेय ती. दुसरा टाक."

काकूंनी टाकला.

"पाय काढलास?"

"काढलाय."

"नुसतं विचारलं."

आणि तेवढ्यात इंजिनाला ठेच लागली. एकदा, मग लागोपाठ दोनदा. काकूंनी अॅक्सिलरेटर तळाला टेकवला, पण गाडीत जीवच नव्हता. ती नुसती हुंदके देत होती. मागून एका ट्रकनं हॉर्नचा सपाटा लावला. काकूंनी कशीबशी गाडी कडेला घेतली, आणि कडेला येता येता इंजिन बंद पडलं.

"पाय नव्हता माझा," काकू म्हणाल्या. 

"मी कुठे काय म्हटलं? चाकामागे दगड लाव."

यापुढचं सगळं ठरलेलं होतं. काका गाडीला हात लावत लावत पुढे गेले आणि बॉनेटखाली हात घालून कॉइल चाचपू लागले. काकांचं म्हणणं, कॉइल तापते आणि तापली की ठिणगी मरते. नवी टाकली तरी हल्लीच्या मालाचा काय भरवसा. म्हणून दर वेळी ते कॉइलवर ओलं फडकं ठेवायला लावत आणि ती हाताला गार लागेपर्यंत थांबत. तोवर पेट्रोल बघायचं काम काकूंचं. शिवणकामातली एक मोडकी लाकडी पट्टी डिकीत असायची, ती टाकीत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते सांगायचं.

"चटका बसतोय," काका म्हणाले. "फडकं भिजव."

काकूंनी पिशवी पाहिली, सीटखाली पाहिलं. पाण्याची बाटली घरी ओट्यावर भरून ठेवली होती, ती तिथेच राहिली होती. कुलूप दोनदा ओढलं, पण बाटली विसरली.

"राहिली घरी," त्या म्हणाल्या.

काकांनी हात झटकला. "राहू दे. आपसूक गार होईल. तू पेट्रोल बघ."

काकूंनी किल्लीनं टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स आवाज आला. तो नेहमीच यायचा. कुकरचा येतो तसा टाकीचाही येत असेल, म्हणून काकूंनी कधी त्याचा विचार केला नव्हता. पट्टी बुडवली. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून त्या सीटवर येऊन बसल्या.

बसल्या, पण बसवेना. फडक्याशिवाय कॉइल कधी गार होणार? मागच्या खेपेचा तो शिपाई, ती पुसलेली बाकडी डोळ्यांपुढे आली.  काकांना न विचारता, काही न ठरवता त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"अगं, काय करतेस," काका हात मागे घेत म्हणाले. "कॉइल तापलेली आहे अजून. होणार नाही सुरू."

"झालीय."

"कशी होईल?"

"झालीय ना पण."

काकांनी पुन्हा कॉइलला हात लावून पाहिला आणि चटकन काढला. इंजिन मात्र शिलाई मशीन तेल दिल्यावर चालतं तसं एकसुरात चालू होतं. काकांनी बॉनेट बंद केलं आणि मुकाट्यानं येऊन बसले. आयुष्यात एखाद्या इंजिनापुढे गप्प बसायची वेळ त्यांच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती.

गाडी चढू लागली आणि काकूंचं डोकंही चालू लागलं. दर वेळी आपण दोन गोष्टी करतो, ओलं फडकं आणि पट्टी. गाडी सुरू झाली की श्रेय फडक्याला. आज फडकं नव्हतंच, आणि कॉइलही गार झाली नव्हती. मग उरलं काय?

पाचव्या वळणानंतर इंजिन परत अडखळलं. या वेळी काकूंनी ते बंद पडायची वाट पाहिली नाही. गाडी बाजूला घेतली आणि उतरल्या.

"आता काय?" काकांनी विचारलं.

"पेट्रोल बघते."

"आत्ताच बघितलंस की."

काकूंनी झाकण फिरवलं. फुस्स. या खेपेला त्यांनी हाताचा तळवा टाकीच्या तोंडाजवळ धरला, आणि हवा बाहेर येत नाही, आत जातेय, हे त्यांना स्पष्ट जाणवलं. टाकी हवा ओढून घेत होती, किती वेळ श्वास कोंडलेल्या माणसासारखी.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल आधी धार धरतं, मग थेंब थेंब येतं आणि मग येतच नाही. समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडावं लागतं, तिथून हवा आत गेली की धार लागते. हे काकूंना फ्रॉक घालायच्या वयापासून माहीत होतं. या टाकीला दुसरं भोकच नव्हतं, आणि काठोकाठ भरल्यानं आत हवाही जेमतेम होती. जेवढं पेट्रोल इंजिन ओढत होतं तेवढी आत पोकळी होत होती, आणि मग पेट्रोल पुढे जायचंच बंद व्हायचं. फिटर निघताना झाकण उघडून पट्टी बुडवायचा. टाकीचा कोंडलेला श्वास तो नकळत मोकळा करायचा, टाकी अर्धीच म्हणून आत हवाही भरपूर असायची, आणि तेवढ्या दमावर घाट चढून यायचा. म्हणून गाडी त्याला कधी दगा देत नसे.

पाय नव्हता. काकूंना एकदम हलकं हलकं वाटलं. आपला पाय नव्हता, इतके दिवस उगाच त्याला शिव्या घातल्या. हे ओरडून काकांना सांगावं म्हणून त्यांनी मान वर केली. काका खिडकीतून चेहरा बाहेर काढून, त्यांच्या दिशेनं कान लावून बसले होते.

आणि हातातलं झाकण एकाएकी जड झालं.

जुन्या झाकणाला बारीकसं भोक होतं. ते साधं झाकण काढून कुणीतरी पेट्रोल चोरून नेलं, तेव्हा काकांनी बाजारात चार दुकानं हिंडून हे किल्लीचं झाकण आणलं होतं. दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं, पण घट्ट बसणारं. "आता ये म्हणावं चोराला," असं म्हणत त्यांनी ते स्वतःच्या हातानं चाचपून बसवलं होतं आणि दिवसभर खुशीत होते. गाडीचं दुखणं त्यानंतर सुरू झालं. म्हणजे मागच्या महिन्यात घाटात जे दोन वेळा ताटकळत बसलो, ते कॉइल गार व्हायची वाट पाहत, आणि झाकण तर तेव्हाच उघडून झालं होतं. मिनिटाचं काम होतं.

काकूंनी झाकण डिकीत टाकलं. टाकीच्या तोंडात कोरडं फडकं सैलसर कोंबलं आणि सीटवर येऊन बसल्या.

"झाकण लावलंस?"

"लावलं."

गाडी पुढचा सगळा घाट एका दमात चढली. वळणांवर ती आपली आपण वर ओढत होती, काकूंना नुसतं स्टिअरिंग धरायचं काम. मध्येच काकांनी नाक जरासं वर केलं आणि खिडकीची काच पूर्ण खाली घेतली. उकडत असेल, असं काकूंना वाटलं. त्यानंतर गिअरबद्दल किंवा पायाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

या वेळी बाकडी भरलेली होती. डॉक्टर होते. नंबर लागला, काकांच्या डोळ्यात थेंब घातले, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. दिवा विझवला, परत लावला, परत बघितलं. काकू इंजेक्शनच्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. ते उघडेल आणि नर्स हाक मारील, म्हणून त्यांनी फाइल आधीच हातात धरली होती.

"आत रक्त उतरून गेलंय," डॉक्टर म्हणाले. बोलताना ते काकूंकडे बघत होते, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते काकांकडे वळले. "जखमेचा व्रण धरलाय. आता इंजेक्शनचा उपयोग होणार नाही, काका. उगाच टोचण्यात अर्थ नाही."

"बरं," काका म्हणाले.

"मागच्या महिन्यात वेळेवर आलो असतो तर?" काकूंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

डॉक्टर कागदावर लिहीत होते. "तसं सांगता येत नाही," ते मान वर न करता म्हणाले. दिसतंय तेवढं जपून कसं राहायचं, घरात सामान कसं एका जागी ठेवायचं, हे त्यांनी आपुलकीनं आणि सावकाश सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आभार मानले.

बाहेरच्या बाकावर दोघं टेकले. 

"गाडीला काय झालं होतं गं?" काकांनी विचारलं.

काकूंनी उत्तर यंत्रासमोर उभ्या असतानाच तयार करून ठेवलं होतं. "कॉइलच. थोडी गार झाली आणि चालली."

"गार कुठे झाली होती? माझा हात भाजला."

काकूंनी मांडीवरची फाइल उगाच सरळ केली.

"सगळा घाट पेट्रोलचा वास येत होता," काका म्हणाले. "उघडी ठेवली होतीस ना टाकी?"

"फडकं लावलं होतं."

"हं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "चार दुकानं फिरून आणलं होतं ते."

"चोर पेट्रोल नेत होते म्हणून आणलंत. तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं?"

"ड्रायव्हरला पडायला पाहिजे होतं." मग जरा वेळानं ते म्हणाले, "तुझा पाय नव्हता. फिटरला तसं सांगायचं. मीच सांगतो उद्या."

हेच वाक्य ऐकायला काकू इतके दिवस झुरत होत्या. आता ते ऐकलं तेव्हा त्यांना रडू कोसळलं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर पदर दाबून धरला. काकांनी हात पुढे करून त्यांचा खांदा शोधला आणि दोनदा थोपटला.

आवारात गाडी उन्हात उभी होती. काकूंनी पुढचं दार उघडून धरलं. काका टपावरून हात फिरवत आले, उघडं दार त्यांच्या हाताला लागलं. ते त्यांनी हलकेच लोटून बंद केलं, आणखी एक पाऊल मागे सरकले आणि मागचं दार उघडलं.

"अहो, पुढे बसा ना."

"नको. तू चालव."

सगळा जन्म त्यांनी मागच्या सीटसाठी दारं उघडली आणि लावली. पण स्वतः तिथे कधी बसले नव्हते. डोळे गेले तरी बसले नव्हते. आता ते बेतानं आत शिरले, खिडकीशी सरकले आणि दार लावून घेतलं. नीट लागलं की नाही ते हातानं पाहिलं.

काकू आपल्या जागेवर येऊन बसल्या. पर्स शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यांनी शेजारच्या, काकांच्या जागेकडे पाहिलं आणि पर्स उचलून मांडीवर घेतली. वळताना तिचा पट्टा सारखा स्टिअरिंगमध्ये अडकत होता, तरी घर येईपर्यंत त्यांनी ती तिथेच ठेवली.